थायलंडला जाताना खाण्याची बॅग: इथून काय न्यायचं, तिथे काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्याच्या सुट्टीत ५ जणांचं कुटुंब थायलंडला चाललंय, ४ रात्री बँकॉक आणि ३ चियांग माई. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, शाकाहारी. आईंना अंडंही चालत नाही, बाबांना मधुमेह आहे. मुलगी ९ वर्षांची आणि तिखटाला घाबरणारी. नवरा-बायको सगळं खातात आणि त्यांना मनसोक्त रस्त्यावरचं खायचंय. आईंनी मात्र आतापासूनच पोळ्या, खाकरे, लाडू, तांदूळ, डाळ आणि एक छोटा कुकर काढून ठेवलाय. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, आणि शाकाहारी माणसाने तिथल्या गाडीवर काही खावं का?

कुकर काढा. तांदूळ-डाळही काढा. बाकीचं बोलू.

मी मराठी मंडळींचे गट घेऊन त्या बाजूला जाते आणि गटाच्या खाण्यापिण्याची जबाबदारी माझ्याकडेच असते. लोक किती सामान उचलून नेतात आणि त्यातलं किती तसंच परत येतं, हे बघून माझं एक मत पक्कं झालंय: पोट भरणारं तिथे विकत घ्यायचं आणि तोंडीलावणं इथून न्यायचं. थायलंड हा भात खाणाऱ्यांचा देश आहे. साधा पांढरा भात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. केळी, पपई, दूध, पाव, शेंगदाणे, भाजलेली कणसं, उकडलेली रताळी यांचीही कुठेच कमतरता नाही. अडचण वेगळीच आहे. त्यांच्या स्वयंपाकात मिठाचं काम बहुतेक वेळा माशाचा सॉस करतो, त्याला तिथे नाम प्ला म्हणतात. शिवाय करीच्या वाटणात कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, आणि परतलेल्या भाज्यांत कालवांचा सॉस. त्यामुळे ताटात एकही तुकडा मांसाचा दिसत नसताना पदार्थ शाकाहारी नसतो. म्हणून आपल्याला मिठाची, आंबटाची, तिखटाची आपली चव सोबत हवी. ती किलोंमध्ये न्यावी लागत नाही.

खरेदीची यादी करण्याआधी आई-बाबांबरोबर एकदा बसा आणि स्पष्ट विचारा. ज्या कढईत आधी कोळंबी परतली, तिच्यातच परतलेली भाजी चालेल का? केकमधलं अंडं चालतं की तेही नको? मासळीच्या गाडीशेजारी उभं राहून आंबा-भात खाणं जमेल का? काहींना 'तुकडा नको, बाकी हरकत नाही' एवढं पुरतं, काहींना वेगळा झाराच लागतो, आणि दोघांचीही सोय होऊ शकते. फक्त ती सोय वेगवेगळी असते. काही घरांत मुलं 'त्यांना काय कळणारे' म्हणून न सांगताच खायला घालतात. मला ते अजिबात पटत नाही. माणूस सत्तर वर्षं एक नियम पाळत आला असेल, तर चार दिवसांच्या मौजेसाठी त्याला फसवू नये.

दुसरं काम सहसा कुणी करत नाही, पण मी गटातल्या सगळ्यांना आवर्जून सांगते. जाण्याआधी पंधरा-वीस दिवस घरीच एक-दोन वेळा थाई जेवण करून पाहा. त्यासाठी थोडी खरेदी लागेल. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि पुण्यात मंडईच्या आसपास परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर हे मिळून जातं: तांदळाच्या चपट्या नूडल्स, घट्ट टोफू, नारळाच्या दुधाचं पाकीट, सोया सॉस, मोड आलेले मूग आणि गवती चहाचे जाड बुंधे. आपण चहात पाती टाकतो, ते लोक खालचा पांढरा बुंधा ठेचून रश्शात घालतात. चिंच, गूळ, शेंगदाणे, मिरच्या घरात असतातच. नूडल्स कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग चिंच-गूळ-सोया सॉसच्या पाण्यात टोफू आणि मोडांबरोबर परता, वरून भरडलेले दाणे आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी टोफू, लसूण, मिरची आणि मूठभर तुळशीची पानं. हो, तुळसच. तिथल्या फाट क्राफाओ नावाच्या परतलेल्या पदार्थात जी पानं पडतात ती तुळशीच्याच जातीची असतात. हे ऐकून आई थोडा वेळ गप्प बसतील, पण चव आवडते.

या तालमीने दोन गोष्टी कळतात. टोफूची मऊ, बिनचवीची पोत कुणाला सहन होते आणि कुणाला नाही, हे परदेशात पैसे देऊन कळण्याऐवजी घरीच कळतं. आणि मुलीला आंबट-गोड नूडल्स आवडल्या, तर तुमचा अर्धा प्रवास सोपा झाला. एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे बनणाऱ्या थाई करी पेस्टच्या पाकिटावर हिरवा ठिपका सापडतो, आणि इथल्या हॉटेलात 'व्हेज थाई ग्रीन करी' बिनधास्त मागता येते. तीच करी बँकॉकमध्ये मागितली, तर भाज्या घातलेली पण कापीच्या वाटणातली येईल. इथे खाल्लं होतं म्हणून तिथे चालेल, असं धरून चालू नका. हिरवा ठिपका ही भारतातली सोय आहे, तिथल्या पाकिटांवर तो शोधू नका. हलालचा शिक्का दिसेल, पण त्याचा शाकाहाराशी संबंध नाही.

आता बॅग. माझ्या यादीत पहिलं नाव मेतकुटाचं. ५ जणांना आठवडाभर पाव किलो पुरतं. तिथला गरम भात, त्यावर मेतकूट आणि छोट्या बाटलीतलं तूप, एवढ्यावर वडीलधाऱ्यांची रात्र निभते. त्याच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, आणि लिंबाचं किंवा कैरीचं लोणचं, तेही थोडंच. लोणचं आणि तूप चेक-इन सामानात, झाकणाला टेप लावून आणि दोन झिपलॉक पिशव्यांत घालून न्या. हातातल्या बॅगेत पातळ आणि ओलसर पदार्थ १०० मिलीच्या वर चालत नाहीत, आणि मिरचीचं लोणचं तर आपल्या विमानतळांवर केबिनमध्ये घेऊच देत नाहीत.

न्याहारीसाठी घरी केलेलं कोरडं उपीट-मिश्रण न्या. रवा खमंग भाजायचा, इतका की कच्चेपणा उरता कामा नये. तेलात मोहरी, उडीद डाळ, दाणे, लाल मिरची आणि कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळून घ्यायचा, मग मीठ, किंचित साखर आणि आमचूर. पूर्ण गार करून भरा. तिथे एक वाटी मिश्रणावर पावणेदोन ते दोन वाट्या उकळतं पाणी ओतून डबा आठ-दहा मिनिटं झाकून ठेवला की झालं. पातळ पोह्यांचंही असंच मिश्रण होतं, त्याला पाणी खूपच कमी लागतं, नुसता हबका. थेपले किंवा दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच करा. मे महिन्यात बँकॉकची हवा इतकी दमट असते की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी दिसायला लागते. साध्या पोळ्या तर नकोच. खाकरे चालतील, पण एक-दोन पाकिटं बास. लाडू आई म्हणतील तेवढे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

चहाची सोय नक्की करा. तिथला नारिंगी चहा कंडेन्स्ड मिल्क घातलेला आणि भयंकर गोड असतो. चहापत्ती, दूध पावडर आणि सुंठ-वेलचीची पूड घेतली की खोलीतल्या किटलीवर भागतं. किटली खोलीत आहे का, हे हॉटेलला आधी विचारा. स्वतःची नेणार असाल तर छोटी, ६०० वॅटची न्या. थायलंडमध्ये वीज २२० व्होल्टची, आपल्यासारखीच, आणि आपली दोन गोल पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी बसते. पण तीन जाड पिनांची बसत नाही. १५०० वॅटची किटली ७ अँपिअरच्या आसपास वीज खेचते आणि रस्त्यावर मिळणारे स्वस्त ॲडॉप्टर बरेचदा ६ अँपिअरचेच असतात. खोलीत प्लास्टिक जळल्याचा वास येतो तो यामुळे. आणि हॉटेलच्या किटलीत मॅगी शिजवू नका. तुमच्या आधीच्याने काय शिजवलं असेल, याचा विचार केला तर तुम्हीही आधी दोनदा पाणी उकळून फेकाल.

काय नेऊ नये, त्याचीही यादी आहे. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या नकोत. त्यातल्या तेलामुळे त्या ज्वलनशील मालात मोडतात आणि आपल्या विमान कंपन्या त्या बाहेर काढायला लावतात. चटणीत किसून पडलेलं खोबरं वेगळं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, फळं, रोपं, बिया हे दुसऱ्या देशाच्या सीमेवर नेऊच नका, मांसाचे पदार्थही नाहीत. पाणी घातलं की आपोआप गरम होणारी जेवणाची पाकिटं मिळतात, ती विमानात चालत नाहीत. आणि तुमचं विमान सिंगापूरमार्गे असून तिथे बाहेर पडणार असाल, तर खसखस अजिबात नको, ती तिथे बंदीच्या मालात येते. आईंच्या डब्यात अनारसे असतील तर ते इथेच संपवा. काळ्या किंवा गरम मसाल्यातही खसखस असते, हे पटकन लक्षात येत नाही.

बँकॉकला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी फिरायला निघण्याआधी अर्धा तास किराणा करा. थायलंडभर सेव्हन-इलेव्हनची १४ हजारांहून अधिक दुकानं आहेत, तुमच्या हॉटेलपासून एखादं दोन मिनिटांवर असेलच. तिथे शिजवलेल्या साध्या भाताची पाकिटं मिळतात आणि काउंटरवर ती गरम करून देतात. एकेक केळं वेगवेगळं पाकिटात घातलेलं असतं. साधं दूध, सोया दूध, पाण्याच्या बाटल्या, पाव, लोणी हे सगळं आहे. दही घेताना जपा. बहुतेक दही गोड आणि फळांचं असतं, शिवाय काहींत जिलेटिन घातलेलं असतं. दहीभात हवाच असेल, तर मोठ्या दुकानातून साधं, बिनसाखरेचं दही शोधून घ्या. बिग सी, लोटस, टॉप्स ही मोठी दुकानं. प्रातुनाम भागात राहणार असाल तर सेंट्रल वर्ल्ड मॉलच्या समोरचं बिग सी चालत जाण्याजोगं आहे.

सेव्हन-इलेव्हनमध्ये शाकाहारी माणूस फसतो तो बेकरीच्या फळीवर. बनपावावर तपकिरी, कापसासारखे तंतू दिसतात, ते सुकवलेलं डुकराचं मांस असतं. वाफवलेल्या पांढऱ्या बन्सपैकी बऱ्याचशांत डुकराचं सारण असतं. चिप्सची पाकिटं इथल्यासारखी दिसतात, पण चव खेकड्याची किंवा कोळंबीची असू शकते. मसाला लावलेल्या शेंगदाण्यांचंही तसंच. त्यामुळे मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये थाई भाषा घरीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही कॅमेरा पाकिटावर धरून घटक वाचता येतील. भाषांतर वेडंवाकडं येतं, पण 'मासा', 'कोळंबी', 'डुक्कर', 'अंडं' हे शब्द कळण्यापुरतं पुरतं.

त्याहून सोपी खूण म्हणजे 'जे'. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, आणि आपल्या डोळ्यांना ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. चिनी बौद्ध परंपरेतून आलेला हा आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, आणि कांदा, लसूण असे उग्र वासाचे पदार्थही नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ९ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा अख्खं शहर या पिवळ्या पताकांनी भरून जातं, फुकेतमध्ये तर विशेष. तुम्ही मे महिन्यात जाताय, त्यामुळे तेवढी चैन नाही. पण जे पदार्थांची छोटी दुकानं वर्षभर चालू असतात, बरीचशी सकाळी उघडून दुपारपर्यंत आवरतात. नकाशात शोधून ठेवा. सेव्हन-इलेव्हनमध्येही जे खुणेच्या नूडल्स मिळतात. आईंसाठी 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका, कारण त्याला थाईमध्ये जो शब्द आहे, मांग्सावीरात, त्यात अंडं चालतं. तुम्ही म्हणायचं 'किन जे खा', पुरुषाने म्हणायचं 'किन जे ख्राप'. नेहमीच्या गाडीवर मागताना 'माई साई नाम प्ला', माशाचा सॉस नको. 'माई साई खाई', अंडं नको. थाई भाषेत सूर चुकला की अर्थ चुकतो, म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगून हे सगळं एका कागदावर थाई लिपीत लिहून घ्या, त्यात कापी आणि कालवांचा सॉसही घाला. तोंडी बोलण्यापेक्षा तो कागद जास्त कामाला येतो.

आता गाड्या. आई-बाबांना गाडीवरचं खाता येईल का? येईल, आणि गोडाकडून सुरुवात केली तर भरपूर येईल. मे म्हणजे तिथल्या आंब्याचा हंगाम. खाओ निआओ मामुआंग, म्हणजे नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात आणि पिकलेला आंबा, वर तळलेली मूगडाळ. हापूसवाल्यांनी आधी नाक मुरडायचं आणि मग दुसरी थाळी मागवायची, असं नेहमी होतं. खानोम क्रोक हा तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधाचा पदार्थ, आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या बिडाच्या तव्यात होतो, वर कांद्याची पात किंवा मका. केळ्याची भजी तीळ-खोबरं घातलेल्या तांदळाच्या पिठात तळतात. रताळ्याचे पोकळ गोळे मिळतात, त्यांच्या नावात पक्ष्याचं अंडं आहे पण पदार्थात नाही, मुलगी त्यांची पिशवीच्या पिशवी संपवेल. भाजलेलं कणीस, नारळाचं आइस्क्रीम, आल्याच्या पाकातला सोया दुधाचा मऊ खरवडलेला थर, म्हणजे ताओ हुआई. हे सगळं चालणारं.

न चालणारंही गोडातच दडलेलं असतं. खानोम बुआंग नावाच्या छोट्या कुरकुरीत घडीच्या पोळीत पांढरी मलई दिसते, ती अंड्याच्या पांढऱ्याची असते आणि वरच्या केशरी शेवया बलकाच्या. केळं घातलेली रोटी फार लोकप्रिय आहे, पण तिच्या पिठातच अंडं असण्याची शक्यता असते, म्हणून ती बाबांना विचारून आणि आईंना नको. फळांच्या गाडीवर पेरू, अननस, कच्ची कैरी चिरून देतात, सोबत साखर-मीठ-तिखटाची पुडी. ती पुडी ठीक. कैरीबरोबर मिळणारा गडद, चिकट पाक मात्र घेऊ नका, त्यात नाम प्ला आणि सुकट असते. चाट मसाला इथून न्या. पेरूवर चाट मसाला भुरभुरताना बघून गाडीवाल्या मावशीही एक फोड मागतात.

तिखट पदार्थांत सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कुटून केलेली कोशिंबीर, सगळ्यांना खुणावतं. त्यात नाम प्ला आणि सुकट असतेच. ते घालू नको म्हटलं तरी ज्या उखळात दिवसभर आंबवलेली मासळी कुटली, त्यातच तुमचं कुटणार. ज्यांना झारा वेगळा लागतो त्यांनी हे जे दुकानातच खावं, तिथे सोया सॉसमध्ये करतात. फाट थाई, म्हणजे घरच्या तालमीतल्या त्या आंबट-गोड नूडल्स, त्यांचंही तेच: नाम प्ला, सुकट, अंडं हे तिन्ही काढायला सांगावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी गाडीवाला ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला, गाडी लागत असताना जा. तुम्ही दोघं मात्र याओवारातला, म्हणजे चायनाटाउनला, रात्री आठनंतर जा. वाट मांगकोन मेट्रो स्थानकावर उतरायचं. सोमवारी तिथल्या बऱ्याच गाड्या बंद असतात. माझं मत विचाराल तर ती रात्र आई-बाबांना हॉटेलवर मेतकूट-भात देऊन तुम्ही एकटेच जा. त्या रस्त्यावर वास, धूर आणि टांगलेली बदकं एवढी आहेत की शाकाहारी वडीलधाऱ्यांना आनंदापेक्षा त्रासच होतो, आणि त्यांच्याकडे बघत तुम्हालाही नीट खाता येत नाही.

त्यांच्यासाठी दिवसा फाहुरातला जा. साम योत मेट्रो स्थानकापासून चालत जाता येतं. इथे कापडाचा जुना बाजार आणि त्याला लागून भारतीय वस्ती आहे. पीठ, डाळी, पापड, पनीर, मसाले सगळं मिळतं, म्हणूनच मी तांदूळ-डाळ काढा म्हटलं. चाक्राफेत रस्त्यावर सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे, श्री गुरु सिंग सभा. सकाळी लंगर असतो, डोकं झाकून जायचं, यथाशक्ती पेटीत टाकायचं. तिसऱ्या दिवशी वरण-पोळी दिसली की वडीलधाऱ्यांचे चेहरे बदलतात. पावसाने किंवा उन्हाने फिरणं अवघड झालं, तर अशोक स्थानकाजवळच्या टर्मिनल २१ मॉलमधलं पिअर २१ हे फूडकोर्ट बघा. आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले परत मिळतात, दर रस्त्यावरच्यासारखेच आणि शाकाहारी गाळाही आहे.

चियांग माईत शाकाहारी माणसाला बँकॉकपेक्षा मोकळं वाटतं. जुन्या शहराच्या खंदकाच्या आत जे आणि शाकाहारी खानावळी बऱ्याच आहेत. तिथला खाओ सोय, म्हणजे नारळाच्या करीतल्या नूडल्स, प्रसिद्ध आहे, पण नूडल्स अंड्याच्या आणि वाटण बहुधा कापीचं, म्हणून शाकाहारी खानावळीतच मागवा. रविवार हाती येत असेल तर संध्याकाळी राचादाम्नोएन रस्त्यावरचा बाजार चुकवू नका. देवळांच्या आवारातच खाण्याच्या गाड्या लागतात, बसायला जागा असते, त्यामुळे आई-बाबांना सोयीचं. सकाळी वारोरोट बाजारात सुकवलेली फळं चांगली मिळतात, लोंगानची विशेषतः.

बाबांबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण थायलंडमध्ये मधुमेह्याला तिखटापेक्षा साखरेचा धोका जास्त. फाट थाईमध्ये साखर, सोम ताममध्ये साखर, नूडल्सच्या टेबलावर ठेवलेल्या चार वाट्यांतही एक साखरेचीच असते. सरबत किंवा कॉफी घेताना 'वान नोय' म्हणा, कमी गोड. शहाळं चालेल पण बेताने. आंबा-भात चौघांत एक. भाजलेले फुटाणे, दाणे, मोड आलेले आणि वाळवलेले मूग हे इथून न्या, दोन जेवणांमधली भूक त्यावर भागवता येते. इन्सुलिन असेल तर ते चेक-इनमध्ये टाकू नका, सामानाच्या कप्प्यात गोठण्याची भीती असते. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. घड्याळ तिथे दीड तास पुढे आहे, औषधांच्या वेळा त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून ठेवा.

पोट बिघडण्याची भीती सगळेच विचारतात. नळाचं पाणी प्यायचं नाही, एवढं नक्की. बर्फ मात्र प्रत्येक वेळी टाळायची गरज नाही. मधे आरपार भोक असलेल्या नळकांडीसारख्या तुकड्यांचा बर्फ कारखान्यात बनलेला असतो, तो बहुधा ठीक. मोठी लादी फोडून केलेला चुरा टाळा. गाडी निवडताना स्थानिक लोकांची रांग बघा, पदार्थ तुमच्यासमोर गरम होतोय का बघा, आणि चिरून दुपारपासून उघड्यावर ठेवलेलं फळ घेऊ नका. ओआरएसची पाकिटं इथूनच घ्या. मुलीसाठी 'माई फेत', तिखट नको, हे शिकून ठेवा. पण त्यांचं 'तिखट नको' आपल्या नऊ वर्षांच्या पोरीसाठी कधीकधी तिखटच असतं, म्हणून पहिला घास तुम्ही घ्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर रस्त्यावरचं जवळजवळ सगळंच सोडावं लागेल, ते आधीच तपासा.

पैसे रोख ठेवा. गाडीवाल्याकडे हजाराची नोट काढली तर तो हसून हात हलवतो. सेव्हन-इलेव्हनमध्ये पहिल्या दिवशी मोठी नोट मोडून २०, ५० आणि १०० बाथच्या नोटा करून घ्या. फळांची पिशवी वीस-तीस बाथच्या आसपास, आंबा-भात जागेप्रमाणे साठपासून दीडशेपर्यंत. एक बाथ साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा. खाण्याच्या गाड्यांवर घासाघीस करायची नसते, ती कपड्यांच्या बाजारात करा.

हॉटेलवर डुरियन हे उग्र वासाचं फळ नेऊ नका, बहुतेक ठिकाणी दारावरच त्याच्या चित्रावर फुली मारलेली असते. काही हॉटेलं मँगोस्टीनलाही बंदी घालतात, कारण सालीचा जांभळा डाग चादरीवरून निघत नाही. दोन्ही फळं मे महिन्यात भरपूर असतात, बाजारातच उभं राहून खायची.

परतीची खरेदी शेवटच्या दिवशी मोठ्या दुकानात करा, विमानतळावर तेच महाग मिळतं. करी पेस्ट, ताडगूळ, सुकवलेला आंबा, तांदळाच्या नूडल्स. पेस्ट ओलसर म्हणून चेक-इनमध्येच जाईल. घरी आई-बाबांसाठीही करणार असाल तर जे खुणेची किंवा कापी नसलेली पेस्ट शोधा, मिळते, फक्त फळीवर खाली वाकून बघावं लागतं. ताजी लिंबाची पानं, रोपं किंवा फळं भारतात आणायची नाहीत, त्याला परवाने लागतात. पानं हवीच असतील तर वाळवलेली, पाकिटबंद घ्या.